बैल कोठी हाये?

घाटंजीत नवं दुकान निघणार असलं, की ही गोष्ट सगळ्यांत शेवटी दुकानदाराला कळते. गाळा कोणता, भाडं किती ठरलं, अनामत बँकेतून आली की सासऱ्याकडून, हे सारं पानठेल्यावर आधीच निकालात निघालेलं असतं. वाघाडी नदीकाठचं हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वस्ती वीस हजारांच्या आसपास. एवढ्या वस्तीत बातमी पसरवायला पैसे लागत नाहीत, ती थांबवायला लागतात. त्यामुळे धंद्याच्या पुस्तकांतला ‘लोकांपर्यंत पोहोचा’ हा पहिलाच धडा इथे बाद होतो. लोक तुमच्यापर्यंत केव्हाच पोहोचलेले असतात. तुमच्याच बाजेवर बसून, तुमचाच चहा पीत, तुमचा धंदा का चालणार नाही ते समजावून सांगत असतात.

तरीही जाहिरात करावी लागते. ती कशासाठी, हे कळायला आमच्या भाच्याचा लाकडी तेलघाणा पाहायला हवा.

भाचा पुण्यातली कंपनी सोडून परत आला आणि तेल काढतो म्हणाला. बँकेने मुद्रा योजनेतून कर्ज दिलं. या योजनेत पन्नास हजारांपर्यंत ‘शिशु’, तिथून पाच लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि त्यापुढे ‘तरुण’ असे गट आहेत. भाचा पस्तिशीचा, कपाळ मागे सरकत टाळूला भिडलेलं. पण सरकारी कागदावर तो किशोर झाला. त्याच्या आईला एवढाच एक आनंद मिळाला. घाणा, मोटर, गाळ्याची डागडुजी आणि परवाने यांत किशोराचे सगळे पैसे गेले. जाहिरातीला उरले पाच हजार. पुण्यात एवढ्यात चौकातला फलक दुरून पाहायलाही मिळत नाही. घाटंजीत मात्र एवढ्यात वॉर्डाची निवडणूक लढवायची उमेद धरणारी माणसं आहेत.

अडचण पैशांची कमी आणि तेलाची जास्त होती. घाण्यावर एक किलो शेंगदाणा तेल काढायला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. दाण्यांचा भाव सगळ्यांना पाठ असतो, गुणाकारही येतो. पण तेलाच्या किमतीपाशी आल्यावर गावाचं गणित एकदम कच्चं होतं. “पाकीट तं निम्म्यात भेटते,” असं प्रत्येकजण सांगून जायचा. आणि त्याच दमात, आपल्या आजाच्या काळी असंच तेल खात होते म्हणून आजा नव्वद वर्षं जगला, हेही सांगायचा. आजाचं आयुष्य हवं, भाव पाकिटाचा हवा.

सुरुवात फ्लेक्सपासून झाली. फ्लेक्स छापणाऱ्या पोराने आधी विचारलं, “फोटो किती?” भाच्याला वाटलं, तेलाच्या बाटल्यांचे. पोराने त्याच्याकडे दयेने पाहिलं. फोटो माणसांचे असतात. वरच्या रांगेत देव आणि महापुरुष, त्याखाली आजी-माजी पुढारी, मग मोठे काकाजी, मधले काकाजी, मामाजी, जवाईबुवा आणि सगळ्यांत खाली हात जोडून समस्त मित्रपरिवार. ही मांडणी लग्नपत्रिकेइतकीच पक्की आहे आणि तिच्यात जो चुकला तो जन्माचा गेला. बाटलीला जागा उरली ती मोठ्या काकाजींच्या फेट्याखाली. दुरून पाहणाऱ्याला वाटे, काकाजींनी काही कारणाने बाटली छातीशी धरली आहे.

फ्लेक्स लागला आणि दुसऱ्याच दिवशी धाकटे काकाजी बोलेनासे झाले. त्यांचा फोटो राहिला होता. दुसरी आवृत्ती काढावी लागली. तिच्यात धाकटे काकाजी आले. पण मधल्या काकाजींपेक्षा त्यांचं डोकं बोटभर मोठं छापलं गेलं. तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांची डोकी फूटपट्टीने मोजून घेतली. पाच हजारांतले दोन हजार संपले आणि गावात कोणालाही तेलाविषयी काहीही जास्तीचं कळलं नाही. कुटुंबातली माणसं किती आणि त्यांचा क्रम काय, एवढंच सर्वांना नीट समजलं.

त्या फ्लेक्सवर एक बैलही होता. घाणा म्हणजे बैल, असं छापणाऱ्याच्या मनात पक्कं. त्याने इंटरनेटवरून एक उचलला. तो इतका गोरा, गुबगुबीत आणि आनंदी होता, की आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी त्याला बैल मानायलाच नकार दिला. पण त्यामुळे एक प्रश्न सुरू झाला, जो पुढे सहा महिने थांबला नाही. दुकानात येणारा प्रत्येकजण घाण्याकडे, मोटरीकडे, पट्ट्याकडे पाहायचा आणि विचारायचा, “बैल कोठी हाये?”

भाचा सांगायचा, खल लाकडाचा आहे, फिरतो हळू, तेल तापत नाही. बैलाच्या जागी मोटर आहे, इतकाच फरक. लोक मान हलवायचे आणि बाहेर जाऊन म्हणायचे, “बैल नाही बाप्पा.” शेवटी मित्रांच्या सल्ल्याने त्याने बाजाराच्या दिवशी एक म्हातारा बैल भाड्याने आणून दुकानासमोर बांधला. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरू. जाहिरातीच्या इतिहासात इतकी गर्दी खेचणारी कल्पना क्वचितच निघाली असेल. सकाळपासून माणसांची रीघ. कोणी दात पाहिले, कोणी खांदा दाबला, कोणी शेपूट पिळून पाहिलं. दिवसभरात बैलाला तीन गिऱ्हाइकं पक्की आली, त्यातल्या एकाने इसार काढून ठेवला. तेलाचा भाव एकानेही विचारला नाही. संध्याकाळी बैलाच्या मालकाने भाडं घेतलं आणि बाजारभाव फुकटात कळला म्हणून आभार मानून गेला.

मग ऑटोवर भोंगा लावायचं ठरलं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, परवानगी लागते, ती काढली. यवतमाळहून आवाज भरून आणला. तो आवाज असा भारदस्त होता, की तेल घ्या म्हणतोय की गाव सोडा म्हणतोय, ते चटकन कळू नये. पण खरी गंमत वेळेची झाली. ऑटो सकाळी निघाला तो नेमका घंटागाडीच्या मागोमाग. गाणं, त्यामागे भोंगा. बायकांनी नेहमीच्या सवयीने कचऱ्याचे डबे उचलले आणि बाहेर आल्या. पहिल्या गल्लीत दोघींनी ऑटोत कचरा टाकलासुद्धा. ऑटोवाल्याने त्या दिवसाचे पैसे वाढवून मागितले आणि ते वाजवी होते.

पॉम्प्लेटांची गोष्ट मात्र मला शिकण्यासारखी वाटते. भाच्याने दोन्ही बाजूंनी छापायचा हट्ट धरला होता. पैसे पुरले नाहीत म्हणून एकच बाजू छापली. तेच वाचलं. पेपरात घालून वाटलेली दोन्ही बाजूंची, रंगीत, गुळगुळीत पॉम्प्लेटं दुपारपर्यंत भज्यांखाली जातात. एक बाजू कोरी असलेला कागद कोणी टाकत नाही. त्यावर वेचणीचा हिशोब लिहिता येतो, कोणत्या बाईने किती किलो कापूस वेचला ते. किराण्याची यादी होते, एसटीचं वेळापत्रक लिहून भिंतीला लावता येतं. एका घरी तर देवघराजवळ ते पॉम्प्लेट लावलेलं मी पाहिलं. मागच्या बाजूला घरातल्या कोणाच्या तरी साखरेच्या गोळ्यांच्या वेळा होत्या. तेलाची जाहिरात भिंतीकडे तोंड करून होती, पण होती. कमी पैशांत जाहिरात करू पाहणाऱ्याला मी एवढंच सांगेन, की तुमच्या मजकुरापेक्षा तुमची कोरी बाजू लोकांच्या जास्त उपयोगाची असते.

मोबाइलवरची जाहिरात फुकट म्हणून तीही केली. भाच्याने गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘शुद्ध लाकडी घाणा, आजपासून आपल्या सेवेत’ असं टाकलं. त्याच्या अर्ध्या मिनिट आधी कोणीतरी एका वृद्ध गृहस्थांच्या निधनाची बातमी टाकली होती. खाली दोनशे जणांनी हात जोडले. ते कोणाला जोडले, याचा उलगडा आजवर झालेला नाही. गुगलच्या नकाशावर दुकान आलं तेव्हा पहिला अभिप्राय आमच्याच शेजारच्या मामाजींचा होता. लिहिलं होतं, ‘एक नंबर तेल’. आणि तारा दिला एक. विचारलं तर म्हणाले, “मंग? एक नंबर म्हणजे एकच न! पाच नंबर काहून देऊ?” हा युक्तिवाद बिनतोड होता. मामाजींनी मग आग्रहाने आणखी चार जणांकडून एक-एक तारा मिळवून दिला.

अशा वेळी माणूस थोरांची चरित्रं काढतो. भाच्यानेही काढली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. पुढे कारखान्याच्या मालाची खबरबात द्यायला १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचं वाढत वाढत मराठीतलं नामांकित मासिक झालं. नांगर खपवायला निघालेल्या मंडळींनी जाता जाता कथा-कविताही खपवल्या. भाच्याने पण ‘घाणा खबर’ काढायचा विचार बोलून दाखवला. घाटंजीत खबरीचा पुरवठा मागणीपेक्षा आधीच जास्त आहे, हे त्याच्या आईने वेळीच लक्षात आणून दिलं.

मग सापडले केशव विष्णू पेंढरकर. हे तर आपल्याच मुलखातले म्हणावे असे. नागपुरात किराण्याचं दुकान चालवलेला हा माणूस मुंबईला गेला, १९५२ मध्ये परळच्या राहत्या जागेत विको काढली आणि मुलांना बरोबर घेऊन दंतमंजन दारोदार विकलं. पुढे १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ लागायची तेव्हा विको तिची प्रायोजक होती. दारोदारीपासून दूरदर्शनपर्यंत! भाच्याने पिशवीत बाटल्या भरल्या आणि निघाला.

पण पेंढरकरांना परक्या मुंबईत एक सोय होती. दार उघडणारा त्यांना ओळखत नव्हता. घाटंजीत दार उघडायच्या आधीच आतून आवाज येतो, “अरे, ये ये, पुण्यावाला आला!” मग चहा. मग “नोकरी काहून सोडली रे?” मग पगार किती होता, तो का पुरला नाही, आईच्या जिवाला काय वाटत असेल. एका घरात तास जायचा. आठवडाभरात एकही बाटली खपली नाही. पित्त मात्र वाढलं आणि ‘पोरगा चांगला आहे, नोकरी असती तर पाहिलं असतं’ असे दोन ठिकाणांहून निरोप आले. घाण्याच्या जाहिरातीचा हा उपयोग कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही.

खरं तर जाहिरात शिकायला त्याला पुस्तकं चाळायची गरजच नव्हती. या कापसाच्या मुलखात बियाणं कंपन्यांचे लोक दर उन्हाळ्यात फुकट शिकवणी घेऊन जातात. मृगाच्या आधी भिंती रंगतात, जीप फिरते, टोप्या आणि टी-शर्ट येतात. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यानंतर तर वाणांची नावं इतकी झाली, की घरच्या पोरांपेक्षा ती लक्षात ठेवणं अवघड. पण त्या लोकांना एक कळलेलं आहे. शेतकऱ्याला ते नुसतं बियाणं दाखवत नाहीत. कोणाच्या तरी शेतात पीक पाहणी ठेवतात, नाव घेऊन बोलावतात आणि मांडवात जेवू घालतात. जेवून आलेले काकाजी सांगतात, “वांग्याची भाजी मस्त होती. बियाण्याचं पाहू.” बियाण्याचं पाहू म्हणतात खरे, पण पेरतात तेच.

याला आवतण म्हणतात. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकण होते. हळद-तेल लावून वर्षभर जू ओढलेले खांदे शेकतात आणि त्याच वेळी बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. बैल दावणीलाच असतो. उद्याही तिथेच असणार. पोळा आहे हे त्याला शिंगांच्या रंगावरून कळलेलं असतं. तरीही त्याला तोंडाने सांगितलं जातं. ज्या गावात बैलालाही आदल्या दिवशी आवतण लागतं, तिथे माणूस पॉम्प्लेट वाचून दुकानात येईल, ही अपेक्षाच चूक. दुकान आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. “तुम्ही या” असं आपल्याला कोणी म्हणालं का, एवढाच प्रश्न असतो. धाकट्या काकाजींचा अबोला फोटोसाठी नव्हता, आवतणासाठी होता.

हे भाच्याला उमगलं ते त्या खांदशेकणीच्याच दिवशी. त्याने उरलेल्या पैशांचं तेल काढलं, लहान बाटल्या भरल्या आणि बैलवाल्यांच्या घरी नेऊन दिल्या. पैसे घेतले नाहीत. “काकाजी, खांदशेकणीले हे लावा,” एवढंच म्हणाला. ज्या घरांत महिन्याभरापूर्वी त्याला नोकरीवरून सोलून काढलं होतं, त्याच घरांत कोणी काही विचारलं नाही. बैलाचं काम होतं.

आणि दुसऱ्या दिवशी पोळ्यात, तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना, त्याचं नाव भर सभेत झालं. आमच्याकडे पोळा फुटण्याआधी झडत्या म्हणतात. त्यांत कोणाचीही भीड नसते. सरकार, सावकार, सरपंच, जावई, सगळे सोलून निघतात. भाच्याने एका झडतीवाल्या आजोबांना आधीच बाटली पोहोचवली होती आणि तेलावर दोन ओळी करा म्हणून गळ घातली होती. आजोबांनी शब्द पाळला. खणखणीत आवाजात सुरू केलं:

डबा रे डबा, तेलाचा डबा,
घाण्यावाल्याच्या दारी गावाची सभा,
सभेत बसले पंच अन् शेजारी,
रोकड नाही कोणापाशी, सारी उधारी!

त्यावर ‘हर हर महादेव’ असा गजर झाला की वाघाडीच्या पल्याड ऐकू जावा. भाचा आधी पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी, करीला, दुकानासमोर रांग लागली. जाहिरात अशी चालावी, हे कोणाही धंदेवाल्याचं स्वप्न. फक्त झडतीतली शेवटची ओळ सगळ्यांनी दुकानाचं धोरण म्हणून घेतली होती.

“लिहून ठेव बेटा. चुकारा आला की देतो.”

चुकारा म्हणजे कापूस विकल्यावर हाती येणारे पैसे. पोळा श्रावणाच्या शेवटी, कापूस घरात यायला दिवाळी; विकून पैसे मिळायला कधी पौष, कधी माघ. या मधल्या महिन्यांत गावाच्या खिशात काही नसतं, पण कढईत तेल लागतंच. पगारदार माणसाला महिना तीस दिवसांचा असतो, इथे तो वर्षाचा असतो. म्हणून आमच्या बाजारातल्या प्रत्येक जुन्या दुकानाच्या गल्ल्याखाली एक लाल वही असते, आणि दुकान जुनं का झालं ते त्या वहीत लिहिलेलं असतं. भाच्याने ‘उधारी बंद’ अशी पाटी मोठ्या अक्षरांत रंगवून आणली होती. लोकांनी ती वाचली, अक्षराचं कौतुक केलं आणि पाटीखाली उभं राहून उधार नेलं. पाच हजारांतला हाही खर्च असा गेला.

पुण्यातल्या मित्राने त्याला फोनवर विचारलं, तुझं मार्केटिंगचं बजेट किती? भाच्याने वही उघडून बेरीज केली आणि सांगितली. मित्र म्हणाला, एवढ्या छोट्या गावात एवढं? पण आकडा खोटा नव्हता. गावात जाहिरातीचे पैसे आधी देऊन गिऱ्हाईक मिळत नाही. आधी गिऱ्हाईक मिळतं, जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे अडकतात आणि ते परत आले तर त्याला नफा म्हणतात.

ते आले. सगळे नाही, पण आले. कापसाच्या गाड्या रिकाम्या होऊन परतायला लागल्या, तशी माणसं एकेक करून वहीपाशी आली. काहींनी पूर्ण दिले, काहींनी अर्धे देऊन पुढचं तेल नेलं. एका काकाजींनी पैशांऐवजी तिळाचं पोतं आणून टाकलं आणि तेल तुझं, ढेप माझी, असा नवाच करार केला. बैलाविषयी आता कोणी विचारत नव्हतं. बाहेरगावच्या कोणी विचारलंच, तर दुकानात बसलेले चार जण एकसुरात सांगायचे, “बैल कशाले पाह्यजे? मोटर हाये न. खल लाकडाचा हाये, तेल तापत नाही.” हे वाक्य भाच्याने पॉम्प्लेटावर छापलं होतं तेव्हा कोणी वाचलं नव्हतं. उधारीवर घेतलेल्या तेलाबरोबर ते सगळ्यांना पाठ झालं. ज्याचे पैसे द्यायचे बाकी आहेत, त्याच्या मालाची निंदा करायला माणसाची जीभ उचलत नाही. उधारीवाल्यासारखा प्रचारक कोणत्याही कंपनीला पगार देऊन मिळायचा नाही.

धंदा चालला हे आमच्या गावात गिऱ्हाईक सांगत नाही, शेजारी सांगतो. वर्ष उलटायच्या आत त्याच रस्त्यावर दुसरा घाणा निघाला. फ्लेक्सही लागला, त्यावर तोच गोरा, आनंदी बैल. नवा घाणेवाला पोरगा सरळ स्वभावाचा. तो एक दिवस भाच्याकडेच येऊन बसला आणि म्हणाला, “भाऊ, पैसे सारे मशीनमधी गेले. जाहिरातीले काहीच नाही उरलं. काय करू?”

भाच्याने गल्ल्याखालून लाल वही काढली, ज्या पानांवर अजून रेघ मारायची होती ती दुमडली आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

“एक रुपया खर्च करू नको. हे तीस घरं घेऊन जाय. सारे तेल खातेत, सारे तारीफ करतेत, आवतण द्यायचीबी गरज नाही, आपणहून येतेत. एकदम तयार गिऱ्हाईक हाये. फक्त मागची बाकी तेवढी मले देऊन दे.”